सुरामीचा रस्ता, जानेवारी

तोनेच्या तोंडात कंबरेपर्यंत वाकून
तीस वर्षं मी नाझुकी थापते आहे तिच्या भिंतीला.
भट्टी कुठे संपते, मी कुठे सुरू होते,
हे मला पाठ होतं.

यंदा ती हद्द हलली.

महामार्गाच्या कडेला, घोटाभर बर्फात,
येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना पाव दाखवत उभी होते
आणि छातीतून काहीतरी वर चढलं,
मानेवरून थेट कानांच्या पाळ्यांपर्यंत.
कोटाची बटणं तोडल्यासारखी काढली.
एक ट्रकवाला काच खाली करून म्हणाला,
बाई, वेड लागलंय का?
म्हटलं, गरम आहे. घे.
त्याला वाटलं, पावाचं बोलतेय.

शेजारच्या टपरीतली त्सियाला हसली नाही.
तिने नुसता रुमाल सोडला,
मान दाखवली. चिंब.
"तुलाही?"
"तीन वर्षं झाली."
तीन वर्षं आम्ही वीस पावलांवर उभ्या होतो.

आता पहाटे वाकण्याआधी गुडघ्याला विचारते.
तो कधी हो म्हणतो, कधी म्हणतो मुलीला बोलाव.
मुलगी तिबिलिसीला असते, हे त्याला कोण सांगणार?
टेकायला एक लाकडी खोका आणलाय.
चष्मासुद्धा: पीठ खरंच फुगलंय
की मला तसं वाटतंय, ते बघायला.

रात्री तीनला जाग येते.
केसांत दालचिनीचा वास तसाच.
मी खिडकी उघडते, नवरा झोपेतच
माझ्या वाटची रजई ओढून घेतो.
बाहेर बर्फ पडतोय सगळीकडे.
संध्याकाळी टाकलेल्या राखेवर मात्र
तेवढ्या गोलात
टिकत नाही.