कसर

उजवा पंख अर्धा कसरीने खाल्लाय.
रेशमावर आता तिथे
बाजरीच्या दाण्याएवढी चार भोकं,
त्यांतून माझं टेबल दिसतं,
आणि कमाटीबागेकडून येणारा थोडा उजेड.

बाकी सगळं शाबूत आहे:
शेवंती, तिच्या देठावर नाकतोडा,
आणि केवढी तरी मोकळी जागा,
जिला चित्रकाराने आकाशसुद्धा केलेलं नाही.
रेघ कुठेच नाही. पाकळी म्हणजे
ओल्या रंगाने ओल्या रंगाला दिलेली वाट.
तिकडे या रीतीला 'बिनहाडाची' म्हणतात.

हे सांगितलं तर बाबा रागावलेच.
पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन.
"आधी रेघ. रेघेशिवाय काही उभं राहत नाही,
कालवासुद्धा."
हल्ली सही करताना त्यांचा हात थरथरतो.
रावपुऱ्यातल्या बँकेतली मुलगी फॉर्म परत देते
आणि ते घरी येऊन
लिल्या चेवड्याच्या रिकाम्या पुडीवर
सही गिरवत बसतात.

म्युझियमला पाटी हवी आहे, चाळीस शब्दांत.
कसं लिहू,
की त्या भाषेत फुलपाखरू
आणि ऐंशीच्या घरातलं वय
कानाला एकसारखंच लागतं,
म्हणून पिकल्या माणसाला फुलपाखरू द्यायचं.
की नाकतोडा म्हणजे लेकराबाळांनी भरलेलं घर.
(बाबांना मी एकटीच.)
चित्र कानाने वाचायचं असतं, हे कसं लिहू?
भाषांतरात कोटी मरते,
किडा तेवढा उरतो.

श्रावणात बाबांना ऐंशी पूर्ण.
सहस्रचंद्रदर्शन नको म्हणाले,
"हजार झाले हे मोजलं कुणी?"
मंगळवारी कपाळाला हात लावला तर गरम.
"काही नाही गं, अंगात जराशी कसर आहे."
मी थर्मामीटर झटकता झटकता थांबले.
किडा कसर. उणीव कसर. कणकण कसर.
म्हणजे आपल्याकडेही कुणीतरी
कानाने रंगवून ठेवलंय,
आणि मी आयुष्यभर नुसतीच बोलत आले.

भोकाला मागून रेशमाचा तुकडा लावतात,
कोऱ्या चहात बुडवून जुना केलेला,
गव्हाच्या पातळ खळीने.
पंख रंगवायचा नाही, तसा नियमच आहे.
कसर भरायची,
पण भरून निघाली असं दाखवायचं नाही.
तेजल, नवी आलेली, म्हणते, एवढासा तर पंख,
कुणाला कळणार आहे?

मूळ आकाराचा एक प्रिंट घरी नेला.
बाबांनी चष्मा पुसला, कागद उलटा करून पाहिला,
मग सुलटा.
"प्रमाण लिहिलेलं नाही यांनी."
"एकास एक, बाबा. जेवढं होतं तेवढंच काढलंय."
बराच वेळ त्यांचं बोट पंखाशी होतं,
हलत होतं की ते हलवत होते, सांगता येत नाही.
"मग हे भोकही एकास एकच," म्हणाले,
आणि गोळी न घेताच झोपले.