खालचा भाऊ

बाप जन्मला तेव्हा त्याची वार
आजीनं करवंटीत घालून, वर चिमूटभर मीठ टाकून
घराच्या खांबांमधून पाण्यात सोडली.
आम्हा बाजो लोकांत असंच :
मूल वर, फळ्यांच्या घरात,
त्याचा जुळा भाऊ खाली, पोवळ्यांच्या रानात.
वरच्याला ताप आला
की खालच्याला भात द्यायचा, पान द्यायचं,
म्हणायचं, सांभाळ रे याला.

बाप, लामादी, आता ठार बहिरा.
एक कान पोरवयात बुड्या मारताना गेला,
दुसरा त्यानं बाटलीबाटलीनं घालवला.
बिअरच्या रिकाम्या बाटल्या बाजारातून यायच्या,
रात्री भरायच्या, पहाटे पेटायच्या.
होडीच्या बुडाला खालून कुणी एकदाच थाप मारावी,
तेवढाच आवाज.
मग पांढरी पोटं वर.
मी सात वर्षांची, जाळीनं वेचायची, हसायची.
खोटं कशाला बोलू,
माझ्या वह्या त्याच पैशांच्या.

त्या वह्यांच्या जोरावर
आता मी टेप घेऊन खाली जाते,
हात-हातभर मोजून पाटीवर लिहिते :
खडी. खडी. शेवाळ. खडी.
बाटलीचा गळा.
खडी.

यंदा बाहेरच्या टोकालाही गेले.
तिथं पाण्याला ओढ एवढी
की कुणी कधी बाटली टाकली नाही.
सगळं जागच्या जागी होतं,
फांदी न् फांदी शाबूत,
आणि पांढरं.
पाणी अंगाला निवत आलेल्या पेजेसारखं लागत होतं.

बापानं हातानं विचारलं : कुणी?
बहिऱ्याला हे कसं सांगायचं?
मी क्षितिजावरचा कोळशाचा पडाव दाखवला,
बोर्निओहून रोज जाणारा.
मग डोक्यावरचा दिवा दाखवला.
त्यानं उठून दिवा मालवला.
आई ओरडली, मासे चिरतेय मी, बोट कापेल,
आणि तिनं परत लावला.

बराच वेळ तो स्वतःच्या हातांकडे बघत बसला.
मग पाण्याला कान लावला, तोच, फुटका,
आणि बहिरे बोलतात तसं, मोठ्यानं म्हणाला,
ताप त्याला आलाय.

भाताचं भांडं उचलून फळीच्या कडेशी गेला
आणि थांबला.
खालच्याला ताप आला
तर भात कुणाला द्यायचा,
हे आजीनं सांगितलं नव्हतं.