सोळा तास

नवी बॅटरी घातली की पहिल्यांदा सोळा तास
हॅण्डसेट बेसवरून हलवायचा नाही,
असं नव्या पेठेतला दुकानदार म्हणाला.
मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं,
खाली सही केली. कारकुनाची खोड.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना,
चोवीस माग, एक ऑफिस, एक फोन.
मोबाईल त्या वर्षी फक्त कोडम शेठच्या खिशात.
बाकीच्यांसाठी हा, राखाडी, एरियल मोडलेला,
मोडल्या जागी लाल सुताचे सात वेढे,
जॉबर यल्लप्पाने घातलेले, इतके सफाईने
की फोन आमच्याच मागावर विणलाय असं वाटावं.

मला त्याच्या सवयी पाठ.
बाराव्या मागापर्यंत आवाज स्वच्छ,
रंगखात्याच्या दारात खरखर,
वाळवणीच्या तारांखाली गेलात तर सुरतचा व्यापारी
पाण्याखालून भाव विचारतो.
सदानकदा बेसवर ठेवला तर बॅटरी आळसावते,
दिवसभर बाहेर ठेवला तर चारला
तीनदा टीं करून मान टाकते.
म्हणून जेवणाआधी उचलायचा, सहाला ठेवायचा,
महिन्यातून एकदा पार रिकामा होऊ द्यायचा.
शेठ म्हणायचे, कामगारांचंही असंच असतंय.
मी हसलो नाही. पगारपत्रक लिहीत राहिलो.

मंगळवारी नरसूबाई म्याकल टेबलापाशी आली,
शिलाई खात्यातली, कोपराला धागे चिकटलेले.
"पद्मा बार्शीला दवाखान्यात हाय, रात्रीपासनं.
हितलाच नंबर दिलाय मी. चालतंय की सायब?"
मी हॅण्डसेटकडे पाहिलं. दोन रेघा.

त्या दिवशी फोन कुणाला दिला नाही.
सूतवाल्याला म्हटलं, उद्या.
शेठच्या मेव्हण्याला म्हटलं, लाईन खराब आहे.
बेसच्या पितळी पट्ट्या खोडरबराने दोनदा घासल्या.
दुपारी ऊन त्रेचाळीस, रेघा चार.
नरसूबाई अर्ध्या अर्ध्या तासाने दाराशी यायची,
विचारायची नाही,
काचेतून हॅण्डसेटकडे बघायची
चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी.

तीन चाळीसला वाजला.
मी धावलो, मागांच्या बोळातून,
वाटेत कुणाची तरी डब्याची पिशवी तुडवली.
तिने उलटा धरला. मी सरळ करून दिला.
चोवीस माग खडखडत होते,
तिने दुसरा कान पदराने दाबला, डोळे मिटले.

आणि लाईट गेली.

सगळे माग एकदम थांबतात तेव्हा
कानात दुखतं.
"मूल म्हणली," नरसूबाई म्हणाली. "म्होरं गप."

मी हॅण्डसेट घेतला.
चार रेघा, काठोकाठ भरलेला, आणि आत सूंसुद्धा नाही.
बेसला वीज लागते. हे मला ठाऊक होतं.
सोळा तास लिहिले होते भिंतीवर, हे लिहिलं नव्हतं.

"मूल काय? गा का गी?" यल्लप्पा अंधारातून ओरडला.
पोरांनी चहाची पैज लावली.
ती टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसली.
"मूल म्हणली की. मूल झालं. आन काय पायजे बे?"

मग बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता,
"नर्सचा आवाज बरा होता न्हवं सायब?
तुमी उचललाव आधी. घाबरल्यावानी नव्हता न्हवं?"

मागांच्या आवाजात मला
एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.
"बरा होता," मी म्हणालो.

ती सहाच्या बार्शी गाडीला गेली.
सव्वासहाला लाईट आली, लगेच फोन वाजला.
सूतवाला होता.

किरकोळ खर्चाच्या वहीत त्या तारखेला आहे,
माझ्याच अक्षरात:
टेलिफोन दुरुस्ती, बेचाळीस रुपये.