डावं पुढचं चाक

पहाटे साडेचारला बेसमेंटचा दिवा मी लावतो.
चौदा गाड्या, छप्पन्न चाकं,
आणि दोन गाड्यांना मिळून एक बादली
असा सोसायटीचा ठराव.

काच कुणीही पुसतो. टप कुणीही पुसतो.
चाकाशी मात्र उकिडवं बसावं लागतं.

ब्रेकची पूड म्हणजे धूळ नव्हे.
धूळ येते, बसते, फुंकलं तर उठते.
ही पूड तापलेली येते, लोखंडाची,
क्रोमला चावते
आणि दात तिथंच ठेवून जाते.

एकदा तेजाब लावलं होतं,
कुर्ल्याहून आणलेल्या बिनलेबलच्या बाटलीतलं.
करकेरांच्या चाकावर दुधाळ डाग पडले, सायीसारखे.
ते माझ्या दोन पगारांतून निघाले,
चाकावरून नाही.

तेव्हापासून चाक आधी गार होऊ देतो.
मग नुसतं पाणी, वरून सोडलेलं.
मग भांड्यांचा साबण,
मग पोरीचा जुना टूथब्रश, नटांच्या खाचांत, आऱ्यांच्या मागे,
आणि पूड अगदीच हट्टाला पेटली
तर तिच्याच डब्यातलं चपातीचं फॉइल
चुरगळून, पाण्यात बुडवून, हलक्या हातानं.
जोर लावायचा तो गुडघ्यांवर. चाकावर नाही.

चाकावरून माणूस कळतो असं मी म्हणणार नाही.
रस्ता कळतो.
करकेरा फ्रीवेनं जातात, त्यांची पूड पातळ, राखाडी.
डॉक्टर मिस्किटा सायनवरून,
त्यांची निव्वळ काजळी.

आणि खांबामागं टिपणीसांची पांढरी गाडी.
क्रोमची चाकं साहेबांनी हौसेनं बसवून घेतलेली.
म्हणायचे, यात मला भांग पाडता आला पाहिजे.
साहेब जाऊन अडीच वर्षं झाली.
गाडी जागची हलली नाही.
बाई दर एक तारखेला पैसे देतात,
पुसत जा म्हणतात. मी पुसतो.
नुसती धूळ, दोन मिनिटांचं काम.
त्याचे पैसे मी कधी कमी घेतले नाहीत,
हेही सांगून टाकतो.

परवा मंगळवारी
फडकं डाव्या पुढच्या चाकावरून फिरवलं
आणि ते काळं झालं.
वास घेतला. जळका.
बॉनेटवर कुणा मेकॅनिकचा पंजा.
काचेतून पाहिलं तर ड्रायव्हरची सीट पुढं ओढलेली,
पाठीला दिवाणखान्यातली भरतकामाची उशी.

पुढची दोन्ही चाकं काळी, मागची जेमतेम.
मांजर आडवं आलं तरी ब्रेक,
नाही आलं तरी ब्रेक,
अशा पायाची ती पूड होती.
डाव्या टायरला फुटपाथचा पिवळा रंग.
आणि क्रोमवर बारीक चरे, गोल गोल.
माझ्याआधी कुणीतरी घाईघाईत
कोरड्या रुमालानं पुसून पाहिलेलं.

त्या दिवशी अख्खी बादली मी त्या एकाच गाडीला वापरली.
ठराव ठरावाच्या जागी.

एक तारखेला बाईंनी दार उघडलं.
पाकीट पुढं केलं.
मधल्या बोटाच्या नखात काळी रेघ.
मी पाकिटाकडं बघत म्हटलं,
"चाक गार झाल्यावर पाणी टाकायचं.
कोरडं पुसायचं नाही, चरे पडतात."

बाई गप्प.
आत कुकरची एक शिट्टी झाली. दुसरी झाली.
मग त्यांनी विचारलं, अगदी हळू,
"आणि तो पिवळा?"

"तो आपोआप जातो," मी म्हटलं,
"गाडी चालवत राहिलं की."