पायबंद

दर दुसऱ्या गुरुवारी माझी पुस्तकांची गाडी
बर्केटच्या फाटकाशी थांबते, सव्वाअकराला.
कम्ब्रियाच्या या टोकाला पुढे रस्ता नाही, नुसत्या मेंढ्या.
ऑल्विन बर्केट, वय ब्याऐंशी,
दोन रहस्यकथा परत करतो, त्यांना कोळशाचा वास.
आज म्हणाला, शब्दकोश आहे का? जाडा.
शब्द कुठून आला ते सांगणारा.

तो घरी नेता येत नाही, मी म्हटलं.
'न्यायचाय कुणाला?
मला फक्त तिच्या तोंडावर मारायचाय, एक अर्थ.'

तिच्या म्हणजे हेस्टरच्या. लीड्सला नर्स आहे.
शाळेत पोरं चिडवायची, हेस्टर-पेस्टर, हेस्टर-पेस्टर.
पन्नाशी उलटली, पण भुणभुण तीच.
रोज सहाच्या ठोक्याला फोन:
गोळी घेतलीस?
न्हाणीत आधाराचा दांडा बसवलास?
मोबाईल खिशात ठेव, फडताळावर नको.
विकून टाक ना ते सगळं, डॅड. डॅड, ऐकतोयस ना?

'पेस्ट,' तो म्हणाला. 'त्यातूनच निघाला असणार.
कीड. उपद्रव. रोगराई.'
मीही तेच समजत होते, खरं सांगते.
गाडीच्या पायरीवर उभा राहून, डोळ्याशी भिंग,
तो ओळीवरून बोट नेत राहिला,
नांगर धरावा तसं, हळू, दगड चुकवत.

मग थांबला.
कीड नव्हती तिथे.
कीड मागाहून आली होती, नाद सारखा म्हणून चिकटलेली.
होतं एक जुनं फ्रेंच क्रियापद
आणि त्याच्या तळाशी, लॅटिनच्या चिखलात,
चरायला सोडलेल्या जनावराच्या पायांतली दोरी.
पायबंद.
त्याच्याही खाली, राखणारा.

'आहे माझ्याकडे अजून,' तो म्हणाला. 'चामड्याचा.'
ब्रॅम्बल नावाची घोडी होती.
गवतकापणीच्या दिवसांत रात्री तिला
पुढचे पाय बांधून मोकळी सोडायची.
मोकळी म्हणजे, दोन पायांत वीतभर.
रात्रभर शिव्या देत असणार ती मला.
पण सकाळी तिथेच.
फुरंगटलेली, दवाने भिजलेली, तिथेच.

एकदाच बांधायचं राहिलं.
दलदलीतून ओढायला चौघं लागलो,
आणि काढली तेव्हा

वाक्य त्याने तिथेच ठेवलं.
मी पुस्तकांवर शिक्के मारले. एकावर तारीख चुकली.

'हे तिला कळता कामा नये,' कोश मिटत तो म्हणाला,
जणू माझं अन् हेस्टरचं रोजचं बोलणं.
'नाहीतर डोक्यावरच बसेल.'

उतरताना त्याने दाराशेजारचा दांडा धरला,
आधी एका हाताने, मग दोन्ही.
खाली उतरला तरी सोडेना.

'हा असा,' तो म्हणाला, दुसरीकडे बघत,
'कुठे मिळतो?'
मला माहीत नव्हतं.
गाडीबरोबरच आला होता.