न वाजणारा खाऊ

आईचं एक शास्त्र होतं, कुठेच न लिहिलेलं:
सिनेमाला न्यायचा खाऊ वाजता कामा नये.

चकली बाद. शेव बाद.
कुरमुरे पावसाळ्यात चालतील, सादळले असतील तर.
खारे दाणे चालतील, पण हेरंबला नकोत,
तो दाणासुद्धा भांडल्यासारखा खातो.
मग उरायची गुळाची दशमी,
खमण, तेही मोहरी झटकून
(मोहरी दाताखाली फुटते, आई म्हणायची)
आणि मांडवीतून आणलेला लीलो चेवडो,
जन्मतःच ओलसर, समजूतदार.

प्लास्टिकची पिशवी तर चहाडखोरच.
म्हणून बाबांच्या विरलेल्या लेंग्यातून
तिने एक पोतडी शिवली, नाडीची, आतून अस्तर लावून.
ती पदराखाली बसायची
सहा महिन्यांच्या पोरासारखी.
दारावरच्या जशुभाईंनी एकदा विचारलंच,
"बेन, थेलीमां शुं छे?"
"दवा छे. सासूनी."
सासूबाई तेव्हा डभोईला, ठणठणीत.
आई घरात मराठी बोलायची, रावपुऱ्यात दोन्ही,
आणि खोटं बोलायचं तर गुजरातीतच.

पडद्यावर कुणी रडायला लागलं
की पोतडी आमच्या रांगेतून फिरायची.
अंधारात पाच हात,
कुणाची बोटं कुणाच्या बोटांना लागायची,
गूळ कुणाच्या बाहीला.
मारामारी सुरू झाली की आई वाकून कुजबुजायची,
"आता. आता खा दाणे."
तिकडे गोळ्या सुटायच्या, इकडे आम्ही भराभर चावायचो.
एकदा नायकाने मध्येच पिस्तूल खाली ठेवलं
आणि अख्ख्या टॉकीजला ऐकू गेला
हेरंबचा एक दाणा.

मध्यंतर.
दिवे लागले की पोतडी आईच्या मांडीखाली.
आम्ही पोट भरलेल्या मुलांचे चेहरे करून बसायचो,
नाकासमोरून समोशांच्या थाळ्या जायच्या.
बाबा उठायचे. "जरा पाय मोकळे करून येतो."
त्यांचे पाय दर सिनेमाला आखडायचे.
परत यायचे ते दिवे विझल्यावर,
मिशीला चिंचेच्या चटणीचा वास.
वत्सू मला चिमटा काढायची, मी तिला.
आईला काही कळत नाही
असं आम्ही धरून चाललो होतो,
आठ-नऊ वर्षं.

परवा ती मटार सोलत बसली होती, बाबांच्या फोटोखाली.
मी हसत हसत चहाडी केली, इतक्या वर्षांनी.
तिने मान वर केली नाही.
"पगार सगळा माझ्या हातात द्यायचे.
मग शर्टाच्या खिशात रुपया कुठून यायचा,
असं वाटतं तुला?"
एक शेंग किडकी निघाली, ती बाजूला टाकली.
"त्यांनी कधी विचारलं नाही?"
"विचारायचं काय त्यात?
आणि समोसा काही वाजत नाही."

त्याच रविवारी तिला मॉलमधल्या थिएटरात नेलं.
दारावरच्या पोरीने तिची पर्स उघडून पाहिली,
तिच्यात चष्मा, खडीसाखर आणि खरोखरची दवा.
खडीसाखर बाहेर ठेवावी लागली.
माझ्या लेकीने फोन दाखवून लाह्यांची बादली घेतली.
आईने किंमत विचारली.
कुणी सांगितली नाही, तर भिंतीवर वाचली,
आणि मनातल्या मनात काही भागाकार केला,
ओठ हलताना दिसले मला.

अंधार झाला.
बादली तिच्या मांडीवर ठेवली होती,
म्हणजे मान तिचा.
आजूबाजूला सगळे बिनधास्त कचाकचा चावत होते.
तिने एक लाही उचलली, जिभेवर ठेवली
आणि तोंड मिटून
बंदुकीची वाट पाहत राहिली.

सिनेमा प्रेमाचा होता.
पहिली गोळी सुटायला
फार वेळ होता.