शेपटी

लिमाबाहेर, वाळूच्या टेकाडावर पालिकेची खोली.
सहा कॉम्प्युटर, अकरा म्हातारी माणसं.
"कळलं?" मी स्पॅनिशमध्ये विचारते.
माना हलतात. माउसला हात कुणाचाच नाही.
सातुर्निना वामानी तर मांडीवरची पिशवीही सोडत नाही.

मग एका मंगळवारी वीज गेली.
"गेलं का गं सगळं?" तिनं शेजारणीला विचारलं, केचुआत.
आणि माझ्याच तोंडून,
आईनं कधी दाराबाहेर बोलू न दिलेलं,
"नाही. वाकायचाय केलंय."
जपून ठेवलंय.

अंधारात कुणीतरी हसलं.
"शेपटी तोडू नकोस हो त्या शब्दाची,
नुसतं वाकाय उरेल. रडणं."

वीज आली तेव्हा
पिशवी जमिनीवर होती
आणि अकराही जण एकमेकांना ओरडून सांगत होते
उंदीर कुठं न्यायचा.